ओट्यावरचा चेहरा

वांग्याचं नाक, केरसुणीच्या मिशा, सुपाचे कान लावून मी सोनगीरच्या बाजारात अख्ख्या गावाची तोंडं बनवायचो. पाटलाचं तोंड लांबूनच ओळखून लोक पोट धरून हसायचे.

माझ्या बायकोला, सुंदरबाईला मूल नव्हतं. दर श्रावणात नारळाला डोळे लावून, नथ घालून घरोघर कानबाई देवी बसवली, की शेजारची बेबाबाई सुंदरला आपल्या उंबऱ्यावरच अडवायची, "तू दूरच ऱ्हाय, सुंदर. ओटीले हात नको लावू."

प्लेगात सुंदर गेली. वर्ष सरलं, कानबाईचा रविवार आला. मी एक नारळ घेतला. त्याला कवड्यांचे डोळे लावले, डावा तिच्यासारखाच तिरपा. खाली तिचीच नथ अडकवली आणि तो चेहरा ओट्यावर मांडून बसलो. लोक ओळखतील, जरा हसतील, तिची आठवण काढतील, एवढंच मनात होतं.

हसलं कुणीच नाही. घरोघरच्या कानबाईची ओटी भरत बेबाबाई आमच्या ओट्याशी आली. त्या तिरप्या डोळ्यासमोर तिने नारळ-तांदूळ ठेवले, डोकं टेकलं आणि पदर पसरून म्हणाली,



"माय, मन्ही सूनले पोऱ्या दे."