पाण्याखालच्या दिव्याची साक्ष

“सांगतो, पण तुझा विश्वास बसायचा नाही,” शांबा गिरप म्हणाले. “होडीएवढी वागळी मासळी! शेपटीच्या एका फटक्यात तिनं दिवा फोडला. आता त्याला काही आठवत नाही. फुटला एवढं लिहून दे, म्हणजे झालं.”

दिवे बसवणारी रेश्मा पराडकर वाळूवर ओढलेल्या त्यांच्या होडीखाली आडवी होऊन तळ खरवडत होती. तळाचे हे दिवे आता सक्तीचे होते. ते पाण्यात उजेड पाडत आणि दिसेल ते सगळं लक्षात ठेवत. वर्षभरात ज्याच्या दिव्यात एकही फेरी नाही, त्याची होडी बंदराच्या यादीतून जाई. यादी उद्या लागणार होती.

दिवे आल्यापासून बंदरावर रंगवून सांगायच्या गोष्टी मात्र बंद पडल्या होत्या. कुणी तोंड उघडलं की बाकीचे म्हणत, “दिवा दाखव.”

“कधी भेटली वागळी, काका?”

“मार्गशीर्षात. पार खोल पाण्यात. परतताना पंधरा मैल माझ्या मागं लागली होती!”

रेश्माचा हात थांबला. दिव्याची काच शाबूत होती, पण तिच्यावर शिंपल्यांचा बोटभर थर होता. त्यातलं एक ढेकूळ तिने म्हाताऱ्याच्या तळहातावर ठेवलं.

“फिरत्या होडीला एवढे शिंपले धरत नाहीत. ही वर्षभर नांगरावरून हललेली नाही, काका. काच पुसलीय, भरती आहे, ढकला होडी; आजची एक फेरी तरी दिव्यात येऊ दे. मीही येते. वागळीचं वाटेत पहिल्यापासून सांगा.”