आपल्या मापाचं घर

"चपला-बूट बाहेरच काढाल का?" विक्री कार्यालयातली बाई म्हणाली.

नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिलं. तिने आज मुद्दाम उंच टाचांच्या सँडल घातल्या होत्या. त्यानेही बुटांत जाड तळवे सरकवले होते. मूर्ती लहान पण कीर्ती महान, असं तो हसून म्हणायचा खरा. पण लोक उंची बघूनच दारातून वाटेला लावतात, हा आजवरचा अनुभव. दोघं निमूटपणे अनवाणी झाले.

शहराच्या ऐन मध्यात उभ्या राहणाऱ्या टॉवरचा अजून नुसता खड्डाच होता. खड्ड्याशेजारच्या या कार्यालयात वरच्या मजल्यावरचं एक घर मात्र हुबेहूब थाटलं होतं.

दोघांनी आत पाऊल टाकलं. छताकडे बघता बघता त्याची मान अवघडली. भिंतभर खिडकी, खाली पसरलेलं शहर, वळण घेत गेलेली नदी. तो फोटो आहे हे ठाऊक असूनही काचेला हात लावताना तिने श्वास रोखला. इतकं सुंदर तिने काही पाहिलंच नव्हतं.

"बसा ना," बाई म्हणाली.

ती सोफ्यावर टेकली. "अहो, माझे पाय पोचले!" ती कुजबुजली. कुठल्याच सोफ्यावर तिचे पाय जमिनीला लागत नसत. "आपल्या मापाचंच आहे हो सगळं."

"आधी मिळू तर दे. बाजारात तुरी..."

त्यालाही हे हवंच होतं. घरी आईने देव पाण्यात ठेवले होते. इथूनही नकार आला, तर तिला काय तोंड दाखवणार?

"सकाळचा चहा घेऊन खिडकीपाशी उभे राहाल?" बाईने विचारलं.

"दिवसभर राहू की!"

"पाहुण्यांची ऊठबस फार असेल इथे."

"हिला माणसांची भारी हौस आहे," तो घाईने म्हणाला.

बाई हसली. "आणखी दोन जोडपी येऊन गेलीत. जरा दाराशी उभे राहता?"

दोघं उभे राहिले. बाई चार पावलं मागे गेली आणि डोळे बारीक करून बघू लागली. त्याने छाती फुगवली, टाचा हळूच उचलल्या.

"टाचा खाली," बाई म्हणाली.

त्याचा चेहरा पडला. संपलं, त्याला वाटलं. तिने त्याचा हात घट्ट धरला.

बाईने फोन लावला. "साहेब, जोडपं मिळालं. पगार ठरवून टाका, उद्या गिऱ्हाइकं यायच्या आत यांना इथे संसार मांडून बसवते. आधीची दोन्ही जोडपी उंच होती हो, घर खुराडं दिसत होतं. हे दोघं नुसते उभे राहिले तरी महाल वाटतोय."