बाटली फुटेपर्यंत

बाटली अजून फुटत नव्हती. एव्हिसने चुलीत आणखी एक ओंडका सारला, दाराचा अडसर पुन्हा चाचपून पाहिला आणि पोरीपाशी येऊन बसली. चार वर्षांची लिन श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज करत होती. घसा आतून सुजत चालला होता, ओठ निळे पडले होते. नवरा, टेड, सायकल हाणत डॉक्टरला आणायला गेला त्याला दोन तास झाले होते. कुणाला हाक मारावी तर शेजारी चिटपाखरू नव्हतं. इंग्लंडच्या सफोक परगण्यातलं ते सारं खेडं आज चर्चमध्ये शूटिंगला गेलं होतं.

ते शूटिंगच मुळावर आलं होतं. लंडनहून सिनेमावाले आले. त्यांना चेटकिणीचा सिनेमा काढायचा होता, आणि चेहरा बघून त्यांनी डॉर्कस थर्लोला चेटकीण केलं. म्हातारीला गंमत वाटली. दात काळे करून ती कॅमेऱ्यापुढे उभी राहायची आणि सगळं गाव मिळून तिच्यावर ओरडायचं, "चेटकीण! चेटकीण!" ओरडायचे पैसे मिळत. पण महिनाभर रोज एकच शब्द ओरडलं की तो तोंडात बसतो. कॅमेरा बंद झाला तरी बायका तिला बघून वाट सोडायला लागल्या. एव्हिससुद्धा. लिनची नाळ याच म्हातारीने कापली होती, तरीसुद्धा.

मग सोमवारी दिग्दर्शक म्हणाला, "आजीबाई, आता गर्दीवर बोट रोखा आणि शाप द्या." डॉर्कसने बोट रोखलं. ते नेमकं एव्हिसच्या कडेवरच्या लिनवर आलं. बुधवारी पोरीचा घसा धरला.

बाटलीचा उपायही डॉर्कसनेच सांगितला होता. सिनेमावाल्यांना जुन्या गोष्टी हव्या होत्या, आणि एव्हिस तेव्हा चहा देत होती. "आजारी माणसाचं मूत, त्याचे केस नि वाकवलेल्या टाचण्या बाटलीत घालायच्या," म्हातारी रंगात येऊन सांगत होती. "घट्ट बूच मारून बाटली निखाऱ्यात ठेवायची. जिनं केलंय तिच्या पोटात आग पडते. धावत दाराशी येते नि काहीतरी उसनं मागते. मीठ म्हणा, चाळण म्हणा, काय वाटेल ते. द्यायचं नाही. तिच्याशी चकार शब्द बोलायचा नाही. बाटली फुटली की ती मेली आणि आजारी माणूस सुटला." सगळे हसले होते. एव्हिसही हसली होती.

दारावर थाप पडली.

"एव्हिस! अगं, फावडं दे गं. लवकर दे!"

आवाज डॉर्कसचा होता. मीठ नाही, साखर नाही, फावडं! फावड्याने थडगं खणतात, हे तिला कुणी सांगायला नको. तिने लिनला छातीशी कवटाळलं आणि बेंबीच्या देठापासून स्तोत्र म्हणायला सुरुवात केली. बाहेर म्हातारी दार बडवत होती, काहीतरी ओरडत होती. एव्हिसला ते ऐकायचं नव्हतं. ऐकलं तर आपण विरघळू, दार उघडू आणि पोर जाईल, एवढंच तिच्या डोक्यात होतं. स्तोत्र संपलं की ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करी.

एकदा दम घ्यायला ती थांबली. बाहेरही सगळं थांबलं होतं. मग म्हातारीचा आवाज दाराच्या फटीशी आला, अगदी हळू.

"चुलीत काय ठेवलंयस गं, पोरी?"

मग पावलं वाजली. घाईघाईने ती दूर गेली. आणि धाडकन बाटली फुटली. काचा आणि टाचण्या खोलीभर उडाल्या, राख पांघरुणावर आली. एव्हिसला रडू फुटलं. सुटली, माझी पोर सुटली, असं म्हणत तिने लिनचं तोंड वर केलं.

लिन सुटली नव्हती. शिट्टी तशीच होती. मग शिट्टीही तुटक तुटक यायला लागली.

टेडची हाक ऐकल्यावर तिने अडसर काढला तेव्हा पोरीचे डोळे पांढरे झाले होते. डॉक्टर कमरेपर्यंत चिखलाने माखलेले होते. त्यांनी पोरीला टेबलावर घेतलं, गळ्याला छोटी चीर दिली आणि नळी बसवली. हवा आत गेली. निळ्या ओठांवर हळूहळू रंग आला.

टेड भिंतीला टेकून खाली बसला. "सिनेमावाल्यांच्या लॉऱ्यांनी रस्त्याची पार वाट लावलीय," तो म्हणाला. "डॉक्टरांची गाडी घसरून चरात गेली. दोन्ही दारं मातीत रुतली. खिडकीतून निघतील अशी काही त्यांची अंगलट नाही. मी गाडीला खांदा देऊन उभा होतो, सोडली असती तर चरातल्या पाण्यात कलंडली असती. तेवढ्यात शूटिंगातलं आपलं काम उरकून डॉर्कस आली. तीच फावडं आणायला इकडे पळाली."

एव्हिस टेबलाची कड धरून उभी होती.

"परत आली नि हातांनीच माती उपसायला बसली. सत्तरीची बाई! नखं निघाली तिची. दार उघडलं, डॉक्टर बाहेर आले, आणि ती तिथंच आडवी झाली. डॉक्टरांनी नाडी बघितली आणि मला म्हणाले, चल, आता पोरीकडे."

"टेड," एव्हिस म्हणाली, "फावडं..."

"माहितीय मला. रिकाम्या हातानं आली म्हणून मी ओरडलोच तिच्यावर. तर म्हणाली, 'पोर कुशीत घेऊन बसलीय तुझी बायको. मी काही मागितलंच नाही.'"