जाम पेटी

मुंजाजीच्या पिकअपची ट्रान्सफर केस, म्हणजे चारी चाकांना जोर देणारी पेटी, जाम झाली होती. शाफ्टला पाइप अडकवून दोन माणसं लोंबकळली, तरी ती हलली नव्हती. तिच्या बदली सिद्धोधन मिस्त्रीनं परभणीच्या भंगारातून दुसरी आणली. सोनपेठजवळ गोदावरीत गेलेल्या पिकअपची होती ती. ड्रायव्हर अजून सापडला नव्हता.

भर दुपारी त्यानं दोन्ही पेट्या गॅरेजात समोरासमोर ठेवल्या. दाते सारखे होते, बोल्टांची भोकंही सारखी. जुळवून बघायचे राहिले फक्त शाफ्टचे फेरे.

सिद्धोधननं आणलेल्या पेटीच्या शाफ्टवर खडूची रेघ ओढली. "मी फिरवतो, तुमी मोजा."

ज्वारी मापताना पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणायचं, ही मुंजाजीची सवय. तसंच तो मोजू लागला. "लाभ. दोन. तीन." मग थांबला. "मिस्त्री, माझी बी फिरायलीय की."

सिद्धोधननं पाहिलं. जाम पेटीचा शाफ्ट त्याच्याच हाताच्या चालीनं फिरत होता. त्यानं हात थांबवला, तसा तोही थांबला.

"हात लावला का तुमी?"

"न्हाई."

मग जाम शाफ्ट उलटा फिरू लागला. सिद्धोधनच्या मुठीतलाही उलटा सरकला. त्यानं आवळून धरला, तरी निसटत पुरा एक फेरा गेला. खडूची रेघ पुन्हा वर आली.

मुंजाजीचं तोंड मिटलेलं होतं. जाम पेटीपाशी कुणीच नव्हतं. तिथूनच, पाण्यातून बोलल्यासारखा, आवाज आला.

"लाभ."