सुटलेली फांदी

उद्या धंद्यांना सल्ला देणाऱ्या एका कन्सल्टिंग कंपनीत मुलाखत होती. तिथे एखाद्या धंद्याची अडचण देऊन तिची सगळी कारणं शोधायला लावतात. सरावाला मी बाबांच्या शिलाईच्या दुकानाचाच प्रश्न घेतला: ब्लाऊजची कामं निम्म्यावर का आली? खाकी कागदावर खडूने कारणांचं झाड काढलं. नवं बुटीक, तयार कपडे, आपला दर, फांदीवर फांदी. पुसलं, पुन्हा काढलं.

"एकही कारण सुटून चालत नाही, बाबा. सुटलं की मी बाहेर."

बंद मशीनपुढे बसलेल्या बाबांनी कागद बाजूला सारला. "गिऱ्हाइकं येतात गं. मीच परत पाठवतो."

"का पण?" मी ओरडलेच.

त्यांनी सुई-दोरा माझ्यापुढे धरला. "सकाळपासून ओवतोय. दिसतच नाही. आईला सांगू नकोस."