निघण्याआधी घडीभर

"चला बाईसाहेब, आज बग्गी नाही, खटारा आणलाय," येफिम दारातूनच खेकसला. बाहेर बंदूकवाले हसले. ज्या काउंटेसनी उभारलेल्या सुतारशाळेत तो रंधा मारायला शिकला, त्यांनाच आता क्रांतीच्या नावानं धरून न्यायला तो आला होता. दिवाणखान्यातलं सामान लुटलं गेलं होतं; उरली होती एक पेटी आणि त्यानं पोरवयात बनवलेलं, एक पाय आखूड असलेलं स्टूल. काउंटेस पेटीवर टेकल्या. "बस, येफिम. घडीभर बसल्याशिवाय उंबरा ओलांडू नये." निघालेलं माणूस सुखरूप परतावं म्हणून सगळं घर असं गप्प बसायचं. तो नजर चुकवत पुटपुटला, "उगाच कशाला? खाणीकडे नेलेलं कुणी परत येत नाही." "ठाऊक आहे रे. पण खटारा हाकून तुला तरी घरी परतायचंय ना?" बंदूक भिंतीला टेकवून येफिम बसला. स्टूल तेवढं डुगडुगत राहिलं.