पडद्यातला हात

सकाळी इंदूबाई गेल्याचं कळलं आणि शेजारपाजारच्या बाया जमल्या. वामनराव अंथरुणाशी बसले होते. उशाशी गुलाबी औषधाची बाटली होती. काचेवर मात्रांच्या खुणांची कागदी पट्टी. एकच मात्रा कमी झालेली.

ही बाटली घरात कशी आली, ते त्यांना माहीत नव्हतं. औषध मात्र ओळखीचं होतं. कळंबच्या बाजूला ते कोणाला ओळखीचं नव्हतं?

संस्थेच्या दवाखान्यात दारावर प्रत्येकाला पत्र्याचा बिल्ला मिळे. तपासून झालं की बिल्ला पेटीत पडे. जितके बिल्ले, तितका डॉक्टरचा पगार. बाया परक्या पुरुषाला तोंड दाखवत नाहीत, म्हणून आधी पडदा लावला होता. पण नुसता हात आत घेतला की काम झपाट्यानं उरकतं, हे लक्षात आलं. मग पुरुषांचेही हातच आत जाऊ लागले. नाडीला बोट लागलं न लागलं, की आतून आवाज, "पुढचा!" लोक म्हणत, त्या पडद्यातून बैलाचा खूर घाल, गुलाबी औषध मिळते. संस्थेनं मात्र डॉक्टरला शाल-नारळ दिला. सगळ्यात जास्त बिल्ले म्हणून.

वामनरावांनी इंदूबाईचा हात हातात घेतला. मनगटावर भाजल्याचा जुना डाग होता, पिंपळपानाएवढा. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत कढईतलं तेल उडालं होतं. तेव्हा पट्टी त्यांनीच बांधली होती. हा हात एकदा पाहिलेला माणूस विसरला नसता.

परवा जेवताना ती म्हणाली होती, "उजव्या बाजूनं पोट लई दुखून राह्यलं." त्यांनी ताटावरून मान न उचलता थट्टा केली होती, "मंग लाव दवाखान्यात बारी."

तांड्यावरची हंसाबाई दाराशी उभी होती. ती आत आली नाही.

"बाटली मीच भरून आणून देल्ली," ती म्हणाली. "त्याईले उभं राह्यता येत नव्हतं."

"तू होतीस तिथं?"

"मांगच बसली होती. म्हटलं, बाई, तुमी कायले बारीत बसता? घुसा मधात. तर म्हणे, नाही, बारीनंच जाईन. घरून तसंच सांगतलं."

वामनरावांनी इंदूबाईचा हात परत अंथरुणावर ठेवला.

"मंग हात घातला पडद्यात. 'पुढचा' झालं, तरी हात काढेच ना. तसाच धरून बसली. कोणाची वाट पाह्यल्यावानी. दुसऱ्यांदा 'पुढचा' म्हणून वरडले, तेव्हा काढला."

"मग ती का बोलली नाही?"

"कायले बोलन?" हंसाबाईनं पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं. "भायेर येऊन हासली. लई हासली. मंग रडली."

वामनराव उठले. बाया बाजूला झाल्या. ते तसेच अनवाणी दवाखान्यापर्यंत चालत गेले. ओसरी भरली होती. त्यांना पाहून माणसं सरकली. त्यांनी पडदा वर केला, आत गेले आणि पेटीचं झाकण उघडलं. बिल्ले सगळे सारखेच होते.

कंपाउंडर उकंडा लगबगीनं उभा राहिला. त्याला अजून काही कळलं नव्हतं.

"डॉक्टरसाहेब," तो म्हणाला, "तुमच्या कालच्या बिल्ल्याइची मोजणी राह्यली."